व्यापाऱ्यांच्या गणराज्याकडे, शिडाच्या नौकेतून

इटलीचा बूट नकाशात जेथे समुद्रात उतरतो, त्याच्या पूर्वेस एड्रियाटिक नावाचा एक अरुंद समुद्र आहे. त्याच्या पलीकडच्या काठावर क्रोएशिया हा देश पसरलेला आहे. लोकसंख्या चाळीस लाखांहूनही थोडी कमी, म्हणजे आपल्या पुणे शहरापेक्षा लहान संसार. परंतु किनारा मात्र असा, की मोठमोठ्या देशांनी हेवा करावा. लहानमोठी बेटे, खडक आणि सुळके धरून त्यांची संख्या हजाराच्या पुढे जाते, आणि त्यांपैकी जेमतेम पन्नास बेटांवर माणसांची कायमची वस्ती आहे. या किनाऱ्याच्या दक्षिण भागास डाल्मेशिया म्हणतात. ह्वार बेटावर वर्षाकाठी सुमारे २,७०० तास ऊन पडते, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. महाराष्ट्रातील वाचकास उन्हाचे कौतुक कशाला, असे वाटेल. पण हे ऊन वैशाखातले नव्हे. आकाश निळे, हवा कोरडी, आणि दुपारी समुद्रावरून येणारा गार वारा, असे ते ऊन आहे.

हा देश रस्त्यानेही पाहता येतो. तथापि तो ज्या वाटेने घडला ती वाट पाण्याची आहे, आणि म्हणून शिडाच्या नौकेतून एक आठवडा काढणे हा त्याच्या ओळखीचा खरा मार्ग होय. येथे नौका बहुधा शनिवार ते शनिवार अशा आठवड्याच्या हिशेबाने भाड्याने मिळतात. ज्याच्याजवळ नौका चालविण्याचा मान्य परवाना आणि रेडिओ वापरण्याचे प्रमाणपत्र असेल, त्याला ती स्वतः चालविता येते. आपल्याकडील कुटुंबांनी या मोहात न पडता नाखवा सोबत घ्यावा. त्याचा रोजचा मेहनताना आणि जेवण आपल्याकडे असते. हा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरलेला बरा. अनामत रक्कम, बंदरातील रात्रीचे भाडे आणि डिझेल हेही त्यातच धरावे. जाहिरातीतील भाडे आणि प्रत्यक्ष पडणारा खर्च यांत बरेच अंतर असते.

व्हिसा शेंगेनचा लागतो. १ जानेवारी २०२३ पासून हा देश शेंगेन व्यवस्थेत आला आणि त्याच दिवशी त्याने युरो हे चलन स्वीकारले. त्यापूर्वीच्या चलनास ‘कुना’ म्हणत. कुना म्हणजे मुंगसासारखा दिसणारा एक लहान रानटी प्राणी. मध्ययुगात त्याच्या कातड्याने कर आणि देणी चुकती होत, म्हणून विसाव्या शतकातल्या नोटांनाही तेच नाव दिले गेले. त्या बिचाऱ्या प्राण्याची सुटका नाण्याच्या शोधाने केली, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रवासाचा आरंभ बहुधा स्प्लित या बंदरात होतो. या शहराचा जुना गाभा म्हणजे एका रोमन सम्राटाचा निवृत्तीनंतरचा वाडा आहे. डायोक्लेशियन हा सम्राट याच परिसरातला. इ.स. ३०५ मध्ये त्याने आपण होऊन राज्यपद सोडले आणि समुद्रकाठी बांधलेल्या या तटबंद वाड्यात तो येऊन राहिला. पुढे सातव्या शतकात शेजारचे सलोना शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा निर्वासितांनी या ओसाड वाड्यात आसरा घेतला. तेव्हापासून तेथील वस्ती मोडलेली नाही. सम्राटाच्या दालनांच्या भिंतींना टेकून आज घरे आहेत, दुकाने आहेत, वरच्या मजल्यावर कपडे वाळत आहेत.

व्यापारी वाचकास या सम्राटाची दुसरी ओळख अधिक जवळची वाटेल. नाणी हलकी झाली, महागाई भडकली, तेव्हा इ.स. ३०१ मध्ये त्याने सबंध साम्राज्यासाठी कमाल भावांचा हुकूम काढला. धान्य, तेल, कापड, चपला, गाडीभाडे, सुताराची मजुरी, शिक्षकाचे वेतन अशा हजाराहून अधिक बाबींचे दर त्यात दगडावर कोरून दिले होते, आणि दर मोडणाऱ्यास देहदंड होता. परिणाम काय झाला, हे त्या काळच्या एका लेखकाने नोंदवून ठेवले आहे: माल बाजारातून नाहीसा झाला. हुकूम काही काळातच मोडीत निघाला. सतराशे वर्षांपूर्वीचा हा धडा पुढील किती राज्यकर्त्यांनी वाचला, हा प्रश्न वेगळा. निवृत्तीनंतर त्याला पुन्हा राज्यावर येण्याची विनंती झाली, तेव्हा त्याने आपल्या हाताने लावलेल्या भाज्यांचे कौतुक सांगून ती नाकारली, अशी कथा आहे. कार्यभार सोडूनही पेढीवरच्या गादीचा मोह ज्यांना सुटत नाही, त्यांच्यासाठी ती कथा पुरेशी बोलकी आहे.

नौका बंदरातून बाहेर पडली की पहिला परिचय होतो तो वाऱ्यांचा. कोकणात जसे खारे वारे आणि मतलई वारे म्हणतात, तशी येथेही प्रत्येक वाऱ्याला नावे आहेत. उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून येणारा तो ‘माएस्त्राल’. हा सज्जन वारा. सकाळी समुद्र आरशासारखा असतो, अकरा-बाराच्या सुमारास पाण्यावर सुरकुत्या पडू लागतात, शीड भरते आणि सूर्य कलला की वारा पडतो. आग्नेयेकडून येणारा ‘यूगो’ दमट असतो. तो हळूहळू वाढतो आणि मोठ्या लाटा आणतो. खरी भीती ‘बुरा’ची. हा थंड वारा ईशान्येच्या डोंगरकड्यांवरून समुद्रावर अक्षरशः कोसळतो, आणि फार पूर्वसूचना देत नाही. हवामानाचा इशारा आला की नाखवा आपला बेत बदलतो. त्या वेळी ‘पैसे भरले आहेत’ हा युक्तिवाद त्याच्यापुढे करू नये. एक गोष्ट मात्र आपल्या लोकांना नवलाची वाटेल: मुंबईच्या समुद्राला मोठ्या भरतीत चार-पाच मीटर चढउतार असतो, तर येथे तो फूटभराच्या आसपास. त्यामुळे धक्का आणि नौका यांची पातळी दिवसभर जवळजवळ सारखी राहते, आणि वृद्ध माणसालाही फळीवरून सहज उतरता येते.

नौका ताशी पाच-सहा सागरी मैल चालते. दिवसाला पंधरा ते पंचवीस मैलांचा टप्पा झाला की पुष्कळ झाले. घाई करणाऱ्याने या वाटेस जाऊच नये.

आता आहाराचा प्रश्न. आपल्या घरांतून परदेशप्रवासाचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो रास्त आहे. डाल्मेशियाचे स्वयंपाकघर मासळीवर उभे आहे. शाकाहारी म्हणून जे पदार्थ पुढे येतात त्यांतही गफलत होऊ शकते. पालकासारख्या ‘ब्लित्वा’ या पालेभाजीत बटाटा आणि लसूण असतोच. तिच्याच पानांचे सारण भरून भाजलेली ‘सोपार्निक’ नावाची चपटी पोळी असते, तिलाही कांदा-लसूण लागतो. भाताच्या पदार्थात माशाचे किंवा मांसाचे पाणी घालण्याची रीत आहे. पाग बेटाचे मेंढीच्या दुधाचे चीज सर्व यूरोपात नावाजलेले आहे. परंतु पारंपरिक चीज विरजण्यासाठी वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. आणि बेटांचा अभिमान असलेल्या दोन वस्तू, अंजीर आणि रोझमेरीच्या फुलांवरचा मध, या तर काटेकोर नियम पाळणाऱ्या श्रावकाला दोन्ही वर्ज्य!

पण नौकेची सोय येथेच कामास येते. नौकेवर लहानसे स्वयंपाकघर असते. त्यातील दोन बर्नरची शेगडी अशा कड्यांवर टांगलेली असते, की नौका कलली तरी ती सपाट राहते. किनाऱ्यावरच्या बाजारात टोमॅटो, वांगी, झुकिनी, ढोबळी मिरची, काकडी, कोबी, बदाम, जर्दाळू, कलिंगड आणि ऑलिव्हचे उत्तम तेल मिळते. सोबत डाळ-तांदूळ, खाखरे, भाजणी असली की कोणाच्या स्वयंपाकघरात डोकावण्याचे कारण उरत नाही. मात्र एक नियम आधीच ध्यानात ठेवावा. यूरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. घरचे तूप, पेढे, बर्फी यांचे डबे विमानतळावर टाकून द्यावे लागतात. सुक्या शिध्याची अडचण सहसा येत नाही. लोणी तेथेच विकत घ्यावे आणि नौकेवर कढवावे. गोड्या पाण्याची टाकी मर्यादित असल्याने पाणी जपून वापरण्याची सवय आपोआप लागते. पाणी जपून आणि गाळून वापरण्याची शिकवण ज्या घरांत आहे, तेथील मुलांना हे जड जाऊ नये.

चौविहार पाळणाऱ्यांना तर हा किनारा फारच अनुकूल आहे. जून अखेरीस सूर्य मावळतो तो साडेआठ वाजून गेल्यावर. किनाऱ्यावरील लोक रात्री उशिरा जेवावयास बसतात, त्यामुळे सायंकाळी सहा-सातच्या सुमारास धक्क्यावर शांतता असते आणि नौकेवरचे भोजन निवांत होते. उलट नवकारशीचा हिशेब पहाटे लवकर सुरू होतो. काळाचा विचार करता मे अखेर ते जून हा हंगाम उत्तम. एक तर जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाडी दोन्ही शिगेला पोचतात. दुसरे म्हणजे आषाढात चातुर्मास सुरू झाला की आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी दूरच्या प्रवासाचा विचार करीत नाहीत. ज्यांचे दिग्व्रत आहे त्यांनी तर आपली मर्यादा पाहूनच तिकिटे काढावी.

स्प्लितसमोरचे ब्राच बेट पांढऱ्या दगडाचे. सम्राटाच्या वाड्याला दगड येथूनच गेला. पुचिश्चा गावात दगड घडविण्याची शाळा आहे आणि तेथील मुले आजही रोमन पद्धतीच्या हत्यारांनी हाताने काम करण्यास शिकतात. त्याच्या दक्षिणेस ह्वार. या बेटावरच्या स्तारी ग्राद गावाजवळ एक सपाट मैदान आहे. इ.स.पू. ३८४ मध्ये पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी तेथे वसाहत केली आणि शेतजमिनीचे सारखे आयताकार तुकडे पाडून दगडी बांध घातले. ते बांध, त्या हद्दी अजून तशाच आहेत आणि त्या चौकटीत आजही ऑलिव्ह आणि द्राक्षे पिकतात. दोन हजार चारशे वर्षे टिकलेली शेताची हद्द! वाटणीच्या दाव्यांत आयुष्य घालविणाऱ्या आपल्या गावांकडून कोणी तेथे गेला तर त्याने बांधावर क्षणभर बसावे. ह्वार शहरातील एका मठात संन्यासिनी घायपाताच्या पानांतील धाग्यांपासून जाळीदार लेस विणतात. पाने सोलून धागा काढण्यापासून सारे काम हाताचे आहे. कापडाच्या व्यापारातील कुटुंबांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी: सतराव्या शतकात फ्रान्सच्या सेवेतील क्रोएट सैनिक गळ्यात रुमाल बांधीत, त्यावरून टाय हा प्रकार निघाला, आणि त्याचे ‘क्रॅव्हॅट’ हे नाव त्यांच्याच नावावरून आले.

विस बेट युगोस्लाव्ह लष्कराच्या ताब्यात असल्याने १९८९ पर्यंत परदेशी पाहुण्यांना बंद होते. त्यामुळे ते अजून साधे राहिले आहे. ही साधेपणाची गोष्ट पर्यटकाला सुखावते, पण तिच्यामागे दुःख आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या बेटांची सारी मदार द्राक्षांवर होती. १८९१ मध्ये ऑस्ट्रियाच्या सरकारने इटलीशी केलेल्या व्यापारी करारात इटालियन दारूवरील जकात उतरविली. डाल्मेशियाचा भाव कोसळला. पाठोपाठ मुळे खाणाऱ्या फायलोक्सेरा किडीने वेली मारल्या. कर्ज घेऊन मळे लावलेली घरे रिकामी झाली आणि तरुण माणसे अमेरिका, चिली, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडे निघून गेली. डोंगरउतारांवर नुसत्याच दगडी पायऱ्या दिसतात. त्या कोणे काळी शेते होत्या. एकाच पिकावर आणि एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याचा हा परिणाम कोणत्याही कर्ज-प्रस्तावात उदाहरण म्हणून देता येईल.

पुढे कोर्चुला. तटबंदीतले हे चिमुकले शहर मार्को पोलोचे जन्मस्थान आपणच, असे सांगते. व्हेनिस ते मानीत नाही, आणि निर्णायक कागद कोणाकडेच नाही. १२९८ मध्ये या बेटाजवळ जिनोआ आणि व्हेनिस यांची मोठी नाविक लढाई झाली. त्या सुमारास मार्को पोलो जिनोआच्या कैदेत पडला आणि तेथेच त्याने आपला प्रवासवृत्तांत सहबंद्याला सांगितला. त्या वृत्तांतात आपले ठाणे आहे, गुजरात आहे, आणि लार देशातून आलेल्या व्यापाऱ्यांचे एक वर्णन आहे. ते मांस खात नाहीत, मद्य घेत नाहीत, जीव घेत नाहीत, आणि कशासाठीही खोटे बोलत नाहीत, म्हणून जगात त्यांच्याइतके विश्वासू व्यापारी नाहीत, असे तो म्हणतो. तो त्यांना ब्राह्मण समजतो. परंतु लार म्हणजे लाट देश धरला तर ही माणसे पश्चिम किनाऱ्यावरील वाणी असावीत असेच वाटते. हिरव्या पानात जीव असतो म्हणून वाळलेल्या पानावर जेवणाऱ्या दिगंबर योग्यांचीही त्याने नोंद केली आहे. सव्वासातशे वर्षांपूर्वी एका परक्या व्यापाऱ्याच्या मनात आपल्या पूर्वजांची जी पत होती, ती त्याच्या गावच्या धक्क्यावर उभे राहून आठवावी.

कोर्चुलासमोरच्या पेल्येशात्स द्वीपकल्पाच्या मुळाशी स्तोन हे गाव आहे. तेथे मध्ययुगीन मिठागरे अजून चालू आहेत, आणि त्यांच्या रक्षणासाठी डोंगरावरून नेलेली साडेपाच किलोमीटरची तटबंदी आहे. मिठासाठी एवढा तट! पण हेच मीठ दुब्रोव्निकच्या तिजोरीचा पाया होते.

दुब्रोव्निकला पूर्वी रागुसा म्हणत. १३५८ मध्ये व्हेनिसच्या अधिकारातून सुटल्यापासून १८०८ पर्यंत, साडेचारशे वर्षे, हे व्यापाऱ्यांचे गणराज्य टिकले. सैन्य नगण्य, शेजारी बलाढ्य: एका बाजूस व्हेनिस, दुसऱ्या बाजूस तुर्की साम्राज्य. टिकण्याचा उपाय त्यांनी व्यापाऱ्यासारखाच काढला. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सुलतानाला वर्षाला १२,५०० सुवर्णमुद्रा खंडणी द्यावयाची आणि त्याबदल्यात त्याच्या सबंध मुलखात व्यापाराची सवलत घ्यावयाची. खर्चाच्या खात्यावर ही रक्कम मोठी दिसे, पण जमेच्या बाजूस तिची भरपाई कैक पटींनी होई. १६९९ च्या तहात तर त्यांनी आपल्या सरहद्दीचा निउमजवळचा किनारा तुर्कांना देऊन टाकला, कारण व्हेनिसची हद्द आपल्याला लागून नको होती. तो चिंचोळा पट्टा आज बोस्नियात आहे, आणि त्यामुळे क्रोएशियाचा किनारा दोन तुकड्यांत विभागला गेला. जुलै २०२२ मध्ये सुमारे २.४ किलोमीटरचा पेल्येशात्स पूल खुला झाला, तेव्हा कुठे परक्या हद्दीत न शिरता दुब्रोव्निकला जाता येऊ लागले.

या शहराचा कारभार पाहावा तो असा. प्रमुखाला ‘रेक्टर’ म्हणत आणि त्याची मुदत असे केवळ एक महिना. त्या महिन्यात त्याने राजवाड्यातच राहावयाचे. खासगी गोष्टी विसरून सार्वजनिक हिताकडे पाहा, अशा अर्थाचा लेख सभागृहाच्या दारावर कोरलेला आहे. १३७७ मध्ये साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर ठेवण्याचा कायदा झाला. आज आपण ज्याला क्वारंटाइन म्हणतो त्याचा हा आरंभ. १४१६ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी आली. १४३२ मध्ये टाकून दिलेल्या बालकांसाठी अनाथाश्रम निघाला. १५६८ मध्ये सागरी विम्याचा कायदा झाला. बाजारचौकात ऑर्लांडो नावाच्या वीराचा दगडी पुतळा उभारला होता. त्याच्या कोपरापासून पंजापर्यंतची लांबी हाच शहराचा कापड मोजण्याचा अधिकृत हात. गिऱ्हाइकाला शंका आली तर त्याने कापड पुतळ्याशी भिडवून पाहावे!

चौकाच्या कडेलाच स्पोंझा वाडा आहे. १५१६ च्या सुमारास बांधलेला हा वाडा म्हणजे शहराचे जकातघर आणि टांकसाळ. येथे मोठा तराजू टांगलेला असे, आणि त्यावरच्या कमानीवर लॅटिन लेख आहे. त्याचा आशय असा की आमची वजने फसवू देत नाहीत आणि फसूही देत नाहीत. मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलत असतो. ज्या घरांत तराजूची पूजा होते, त्यांना या लेखासाठी भाषांतरकार लागू नये.

याच शहरात १४१६ मध्ये बेनेदिक्त कोत्रुल्येविच हा व्यापारी जन्मला. जमाखर्चाच्या द्विनोंदी पद्धतीचे जनक म्हणून वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाचे नाव असते. त्याचा ग्रंथ १४९४ चा. परंतु कोत्रुल्येविचने १४५८ मध्येच व्यापारकलेवर पुस्तक लिहून त्यात या पद्धतीचे वर्णन केले होते. व्यापाऱ्याने तीन वह्या ठेवाव्या, असे तो सांगतो: टिपणवही, रोजकीर्द आणि खतावणी. कच्ची वही, कीर्द, खतावणी म्हणणाऱ्या आपल्या मुनीमजींना तो परका वाटला नसता. व्यापाऱ्याचे घर, धर्म आणि वागणूक यांचाही विचार त्याने केला. नौकानयनावरही एक ग्रंथ लिहिला. दैव असे की व्यापारावरचे पुस्तक छापले गेले ते १५७३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. तोपर्यंत मान दुसऱ्याच्या नावे जमा झाला होता.

६ एप्रिल १६६७ च्या भूकंपात शहर कोसळले, हजारो माणसे गेली, स्पोंझा वाचला. ३१ जानेवारी १८०८ रोजी नेपोलियनच्या सेनापतीने गणराज्य बरखास्त केले. १९९१ मध्ये क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केल्यावर शहराला वेढा पडला आणि तोफांचे गोळे जुन्या वस्तीवर पडले. सुमारे दोन किलोमीटरच्या तटावरून चालताना खाली जी नवी, गडद लाल कौले दिसतात ती त्यानंतर बसविलेली. फिकी पडलेली जुनी कौले त्यांच्यामध्ये चटकन ओळखू येतात.

आजचा हल्ला पर्यटकांचा आहे. तटाच्या आतील रहिवासी दीड-दोन हजारांवर आले, घरांची पाहुण्यांसाठी भाडेघरे झाली, आणि शेवटी शहराला एका वेळी दोनच मोठी पर्यटक-जहाजे घेण्याची मर्यादा घालावी लागली. म्हणून सकाळी सातपूर्वी, दुकाने उघडण्याच्या आत शहरात शिरावे.

गोव्यात, जुन्या गोव्यापासून जवळच, संत ब्लेझचे म्हणजे साव ब्राझचे एक चर्च आहे. संत ब्लेझ हा दुब्रोव्निकचा रक्षक संत, त्यामुळे त्या चर्चचे नाते रागुसाच्या व्यापाऱ्यांशी जोडले जाते. त्यात परंपरा किती आणि इतिहास किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कागद मात्र दुब्रोव्निकने जपले आहेत. स्पोंझा वाड्यात आता शहराचे दफ्तरखाने आहे. भूकंप, आग, परकी राज्ये आणि तोफा यांतून वाचलेल्या तेथील कागदांत काबोगा बंधूंच्या पेढीचे १४२६ ते १४३३ या वर्षांचे हिशेब आहेत, नावे आणि जमा या दोन्ही बाजूंनी लिहिलेले. कोत्रुल्येविच तेव्हा दहा-सतरा वर्षांचा असेल.